परमिट रूममधला धूर आणि तिथे राबणारा माणूस

सोनवी

गेल्या महिन्यात बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन वर्षं जिना चढताना त्यांना धाप लागत होती, पहाटे खोकल्याची उबळ यायची आणि ते "हवा बदललीय" म्हणून टाळत होते. डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, आलेख पाहिला आणि विचारलं, "किती वर्षं ओढताय?" बाबा म्हणाले, "कधीच नाही." डॉक्टरांनी परत तोच प्रश्न विचारला. आई तिथेच उसळली, "अहो, या माणसाने आयुष्यात विडी ओढली नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काम काय करायचात?"

बाबांनी ३१ वर्षं मुंबईत परमिट रूममध्ये काम केलं. संगमेश्वर तालुक्यातून सतराव्या वर्षी आले, गावच्या एका माणसाने बारमध्ये लावून दिलं. आधी मोरीवर ग्लास धुतले, मग हेल्पर, मग वेटर, शेवटची बारा वर्षं कॅप्टन. तीन बार बदलले, पण खोली तीच म्हणायची: तळमजला, काळ्या काचा, खिडकी नाही, एसी चालू आणि तीच हवा परत परत फिरतेय. दुपारी चारला जायचे ते रात्री दीडला शटर पडल्यावर हिशेब करून अडीच-तीनला घरी. आठवड्याला एक सुट्टी.

त्यांचा पांढरा शर्ट आई वेगळ्या बादलीत भिजवायची. पहिलं पाणी पिवळं निघायचं. लहानपणी तो वास मला बाबांचाच वास वाटायचा.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले. बाबांच्या बारमध्ये भिंतीवर पाटी लागली, टेबलांवरच्या ॲशट्रे उचलल्या गेल्या. त्यानंतर गिऱ्हाइकाने मागितलं की स्टीलची वाटी जायची, तळाला थोडं पाणी घालून, म्हणजे थोटूक लगेच विझतं. ती वाटी नेऊन ठेवण्याचं कामही बाबांचंच. २०१७ साली त्यांनी काम सोडलं, तोवर ती वाटी चालू होती.

एक गोष्ट मला सतत जाणवते. सिगरेटबंदीबद्दल आपण बोलतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. शेजारच्या टेबलावर बाईमाणूस आहे, लहान मूल आहे, जेवणाची चव जाते. सगळं खरं. पण गिऱ्हाईक दोन तासांनी उठून जातं. ज्याचे त्या खोलीत दहा तास जातात, महिन्याचे पंचवीस दिवस जातात, तो या बोलण्यात कुठेच नसतो. मला वाटतं, हा कायदा आधी त्याचा आहे. कारखान्यात कापसाची धूळ किंवा दगडाची भुकटी उडते तेव्हा आपण कामगाराच्या छातीचा विचार करतो. बारमधला धूर मात्र "माहौल" म्हणून सोडून देतो.

हे लिहायच्या आधी वाचत बसले. कॅनडात ओटावामध्ये हेदर क्रो नावाची वेट्रेस होती. सुमारे चाळीस वर्षं हॉटेलांत वाढप केलं, स्वतः कधी ओढली नाही. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. कामाच्या जागच्या धुरामुळे झालेला आजार म्हणून तिने भरपाई मागितली आणि ओंटारिओच्या कामगार भरपाई मंडळाने ती मान्य केली. पुढची चार वर्षं ती कॅनडाभर बोलत फिरली. मे २००६ मध्ये ती गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच, ३१ मे रोजी, ओंटारिओत बंद जागेतल्या धूम्रपानावर पूर्ण बंदी आली. तिच्याबद्दल वाचताना मला त्या डॉक्टरांचा "काम काय करायचात" हा प्रश्न आठवत राहिला. बाबांना तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असेल, कुणाच्या घरी कुणी असेल, कुणी डॉक्टर असेल, तर लिहा. बंदीमुळे तिथे काम करणाऱ्यांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का, किती दिवसांत पडतो, आणि आपल्याकडे कुठे अडतं, हे मला समजून घ्यायचंय.

लिफीकाठी

सोनवी, बाबांना बरं वाटो.

मी २००३ मध्ये शिकायला डब्लिनला आलो आणि पहिली दीड वर्षं संध्याकाळी एका पबमध्ये ग्लास गोळा करायचो. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही पाहिलंय.

आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ पासून पबसकट कामाच्या सगळ्या बंद जागांत सिगरेट बंद झाली. सबंध देशासाठी असा कायदा करणारा हा पहिला देश. त्याआधी वर्षभर वाद चालला. पब म्हणजे इथली चावडी, तिथे सिगरेट बंद म्हणजे लोक ऐकणारच नाहीत, असं सगळे म्हणायचे. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांनी एक मुद्दा धरून ठेवला: पब ही कुणाची तरी कामाची जागा आहे. बंदी मांडली गेली ती कामगाराच्या आरोग्यासाठी, तुम्ही म्हणता तशीच. दंड मालकालाही होता, तेव्हा ३००० युरोपर्यंत.

पहिल्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. लोक ग्लास आत ठेवून दारात जायचे, ओढून परत यायचे. भांडण एकही नाही. आमच्या पबमध्ये छत पिवळसर तपकिरी होतं, ते त्या उन्हाळ्यात रंगवलं. त्याआधी माझं जॅकेट मी खोलीत आणतच नसे, खिडकीबाहेर टांगायचो. एप्रिलमध्ये कधीतरी लक्षात आलं की ते खुंटीला आहे.

अभ्यासही झाले. डब्लिनच्या ४२ पबमधली हवा बंदीच्या आधी आणि नंतर मोजली. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण ८३ टक्क्यांनी कमी झाले, बेंझीन ८० टक्क्यांनी. दुसऱ्या एका अभ्यासात स्वतः न ओढणाऱ्या बार कामगारांच्या लाळेतलं कोटिनीन मोजलं. निकोटिन शरीरात मोडलं की हे तयार होतं. ते ८० टक्क्यांनी घटलं. त्याच काळात उत्तर आयर्लंडमध्ये अजून बंदी नव्हती, तिथल्या कामगारांत घट साधारण २० टक्के. बेट एक, दारू तीच, माणसं तशीच, मधे फक्त एक सीमा. याहून चांगली तुलना कुठून आणणार?

तिसरी पिढी

मी हॉटेलवाला आहे. नाशिक जिल्ह्यात हायवेला ४२ खुर्च्यांचं परमिट रूम, आजोबांच्या खानावळीतून वाढलेलं. सोनवीताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण ती पाण्याची वाटी माझ्याकडेही आहे. खोटं का बोलू.

पण आमची बाजू सांगतो. परमिट रूमच्या एफएल-थ्री लायसन्सची फी दरवर्षी भरायची, त्यावर कर, भाडं, बारा जणांचे पगार. अर्धं गिऱ्हाईक ओढणारं. मी वाटी बंद केली आणि दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या बारने चालू ठेवली, तर पुढच्या शनिवारी माझी टेबलं तिथे. आयर्लंडमध्ये सगळ्यांना एकदम बंद झालं म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. इथे कायदा सगळ्यांना आहे, पण पाळला तर नुकसान पाळणाऱ्याचं. दंड २०० रुपये, तोही ओढणाऱ्याला, आणि तेवढी तर गिऱ्हाईक टिप ठेवतं.

मागे एकदा वेगळी स्मोकिंग रूम बांधायचा विचार केला होता. खर्च ऐकून थांबलो.

स्टेथो

मी छातीविकारांची डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयात. सोनवी, दोन गोष्टी आधी तुमच्या बाबांसाठी.

एक, एका माणसाच्या बाबतीत अमुक टक्के धूर बारचा, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोकणातल्या घरात चूल असेल तर लहानपणीचा लाकडाचा धूर, मुंबईची हवा, बारच्या किचनमधला तंदूर, सगळं त्यात मिसळतं. न ओढणाऱ्यांच्या दम्यासारख्या आजारात चुलीचा धूर आपल्या देशात मोठं कारण आहे. त्यामुळे बाबांना ती वर्षंही विचारा. पण ३१ वर्षं रोज दहा तास बंद खोलीत दुसऱ्याचा धूर, ही नोंद केसपेपरवर हवीच. आमच्याकडे "धूम्रपान: नाही" एवढं लिहून रकाना बंद होतो. मीही कितीदा तसंच लिहिलंय.

दोन, काम सुटल्यावर धूर थांबला याचा फायदा झालाच आहे. जे नुकसान पक्कं झालं ते परत येत नाही, पण पुढची उतरण मंदावते. इनहेलर नियमित, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, आणि रोज चालणं.

आता तुमचा प्रश्न, किती दिवसांत फरक पडतो. माझ्या आवडीचा अभ्यास स्कॉटलंडचा आहे. तिथे २६ मार्च २००६ ला बंदी आली. डंडी भागातल्या, स्वतः न ओढणाऱ्या ७७ बार कामगारांना बंदीच्या आधी, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी तपासलं. आधी ७९ टक्क्यांना खोकला, घरघर, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं यातलं काही ना काही होतं. एका महिन्यात ५३ टक्के, दोन महिन्यांत ४७ टक्के. नळीत फुंकायची जी तपासणी बाबांची केली, तीत एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहतात. तो आकडाही सुधारला. ज्यांना आधीच दमा होता त्यांच्या श्वासनलिकेची सूज उतरली. औषध नाही, गोळी नाही, फक्त खोलीतली हवा बदलली.

त्याही आधी कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९८ ला बार धूरमुक्त झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ५३ बारटेंडरांपैकी ३९ जणांना श्वासाच्या तक्रारी होत्या. बंदीनंतर त्यातल्या २३ जणांच्या तक्रारी गेल्या. या ५३ जणांत काही स्वतः ओढणारेही होते, आणि दुसऱ्याचा धूर थांबल्याचा फायदा त्यांनाही झाला.

हे अभ्यास लहान आहेत आणि काही महिन्यांपुरतेच आहेत, हे मान्य. कर्करोग आणि हृदयविकार वीस-तीस वर्षांत उगवतात, ते असे दोन महिन्यांत मोजता येत नाहीत. त्यासाठी दुसरा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात दुसऱ्याच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखांचा, २००६ चा अहवाल सांगतो की घरी किंवा कामावर असा धूर घेणाऱ्या न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्क्यांनी.

कोटिनीनचं आणखी एक. ते शरीरातून अर्धं व्हायला सुमारे पाऊण दिवस लागतो. म्हणजे आठवड्याच्या एका सुट्टीत वेटरचं अंग पूर्ण मोकळं होतच नाही, तोवर पुढची ड्यूटी लागते.

रात्रपाळी

मी ओढतो. वीस वर्षं. हा धागा वाचून अस्वस्थ झालो, तरी मनात आलेलं लिहितो, कारण असं बऱ्याच जणांना वाटत असणार.

बारमध्ये धूर असतो हे माहीत असूनच माणूस तिथे कामाला लागतो ना? पोलिसाला गुंडाचा धोका, ड्रायव्हरला अपघाताचा. आणि वेटरच्या तब्येतीचं म्हणाल तर उभं राहून पाय सुजणं, रात्रीचं जागरण, अवेळी उरलंसुरलं जेवण, दारू प्यायलेल्यांच्या शिव्या, पीएफचा पत्ता नाही. या सगळ्यात सिगरेटचा धूर एवढा मोठा आहे का? एसी आणि एक्झॉस्ट नीट ठेवला तर पुरत नाही का?

टेबल नंबर ९

साहेब मी वेटर आहे. आठ वर्षं झाली. बार मी निवडला नाही. मामाने जिथे लावलं तिथे लागलो. झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळत होतं म्हणून राहिलो. कामाला लागताना कुणी विचारलं नाही की धूर चालतो का.

पाय दुखतात, जागरण होतं, बरोबर आहे. त्यातलं पाय दुखणं गिऱ्हाईक करत नाही. धूर गिऱ्हाईक करतं आणि थांबवायचा म्हटला तर एका दिवसात थांबतो.

अजून एक सांगतो. मी आधी दोन वर्षं हुक्का देणाऱ्या ठिकाणी होतो. तिथे हुक्का टेबलावर न्यायच्या आधी पेटवून द्यावा लागतो. पेटवायचा म्हणजे आम्हीच चार-पाच दम ओढायचे, धूर चांगला आला की पाइपाचं तोंड बदलून गिऱ्हाइकाला द्यायचं. शनिवारी तीस-चाळीस हुक्के. रात्री डोकं ठणकायचं, उलटीसारखं व्हायचं. आम्ही म्हणायचो पित्त झालं.

स्टेथो

टेबल नंबर ९, ते पित्त नव्हतं. बंद जागेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही त्याचीच लक्षणं. "आमच्या हुक्क्यात तंबाखू नाही, हर्बल आहे" असं सांगतात, पण कोळसा तोच असतो. तुम्ही तिथून निघालात हे फार बरं केलंत. आता छातीत काही त्रास असेल तर एकदा तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ती फुंकायची तपासणी होते.

रात्रपाळी, एक्झॉस्टबद्दल. वर लिहिलेल्या २००६ च्या अहवालाचा हाच निष्कर्ष होता: ओढणाऱ्यांना त्याच हवेत वेगळं बसवून, हवा गाळून किंवा खेळती ठेवून न ओढणाऱ्याचा धूर पूर्ण टळत नाही. एक्झॉस्टने वास कमी होतो. वास कमी झाला की माणूस गाफील होतो.

कलम४

कायद्याचा थोडा खुलासा करतो, कारण २०० रुपयांवरून सगळ्यांना वाटतं की कायद्यात दमच नाही.

मूळ कायदा २००३ चा, तंबाखूजन्य उत्पादनांचा. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद केलं. त्याच्याही आधी, २ नोव्हेंबर २००१ रोजी, मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, न्यायालयं, ग्रंथालयं, बस-रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा आदेश दिला होता. देवरा मुंबईचे, त्यामुळे या लढ्याची एक मुळी इथलीच. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. पण २००१ च्या त्या यादीत हॉटेल आणि बार नव्हते.

२००८ च्या नियमांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत कामाची जागा स्पष्ट घातली. आणि रेस्टॉरंटच्या व्याख्येत पब, बार, डिस्कोथेक, कॅन्टीन तर घेतलेच, शिवाय त्या जागेभोवतीची मोकळी जागासुद्धा घेतली. म्हणजे "टेरेस आहे, वर आभाळ आहे, चालतं" हे चालत नाही.

हॉटेल-बारना सूट एकच. ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट किंवा ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवू शकतं. पण रेस्टॉरंटमधली ती खोली कशी हवी? चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर जाईल आणि बाकीच्या एसीत मिसळणार नाही अशी सोय, आणि आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर येणार नाही. ती दाराजवळ नको. काचेचं पार्टिशन टाकून "स्मोकिंग झोन" लिहिलं की झालं, असं नाही.

आणि या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मे २०१७ च्या दुरुस्तीने त्या खोलीत कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. दारू नाही, चखणा नाही, चहासुद्धा नाही. ओढणाऱ्याने आत जायचं, ओढायचं, बाहेर यायचं. वेटरने आत पाऊल टाकायचं कारणच उरत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. सोनवी म्हणतात तसा, हा नियम थेट वेटरचा आहे. पण मला आजवर भेटलेल्या हॉटेलवाल्यांपैकी बहुतेकांना तो माहीत नव्हता.

दंडाचंही सांगतो. प्रत्येक ठिकाणी पाटीवर तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव हवं. तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके जण ओढत होते तितक्या गुन्ह्यांचा दंड मालकाला. शनिवारी रात्री वीस जण ओढत असतील तर हिशेब करा.

हुक्क्याचं महाराष्ट्रात वेगळं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. तिथे हुक्का दिला जात होता, आणि आग हुक्क्याच्या निखाऱ्यातून लागल्याचा निष्कर्ष तपासात निघाला. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने मूळ कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. त्याला तुरुंगवास आहे, एक ते तीन वर्षं. आग लागली म्हणून निखारा दिसला. रोज रात्री डोकं धरून बसणारी पोरं कुणाला दिसली नव्हती.

तिसरी पिढी

कलम४ साहेब, सेवा देता येत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन ठिकाणी आत टेबलं मांडून पूर्ण मेन्यू देतात. मग ती खोली बांधायला मी चौकशी केली होती ती कशासाठी? आत विक्रीच होणार नसेल तर इतका खर्च कोण करेल?

लिफीकाठी

त्यातच तुमच्या दोनशे मीटरवरच्या बारचं उत्तर आहे, भाऊ. खोली परवडत नाही म्हटल्यावर सगळ्यांसाठी सरळ मार्ग एकच राहतो, आत ओढायचंच नाही. इथेही पबवाल्यांची भीती तुमच्यासारखीच होती. एकट्याने बंद करायचं असतं तर इथेही कुणी केलं नसतं. आपल्याकडे एखाद्या रस्त्यावरच्या आठ-दहा बारवाल्यांनी मिळून एकाच तारखेपासून वाट्या उचलल्या तर?

कामोगावा

जपानमधून लिहितोय. इथे फार उशिरा, एप्रिल २०२० पासून बंदी आली, आणि देशाच्या कायद्यात पळवाट मोठी आहे: शंभर चौरस मीटरपर्यंतच्या जुन्या लहान खानावळींना सूट. पण टोकियो महानगराने स्वतःचा नियम केला, तो या धाग्याशी जुळतो. तिथे दुकान लहान असणं पुरत नाही. दुकानात नोकर आहे का, हेही पाहतात. नोकर असेल तर वेगळ्या धूम्रपान खोलीशिवाय आत ओढता येत नाही. लहान दुकान नवरा-बायको दोघंच चालवत असतील तर ते ठरवतील. आणि वीस वर्षांखालच्या कुणालाही धूम्रपानाच्या जागेत पाठवता येत नाही, तो तिथला कामगार असला तरीही. आपल्या मोरीवरच्या पोरांची वयं आठवली.

आपल्या कायद्यात ३० खुर्च्या मोजल्या आहेत. टोकियोने कामगार मोजले.

रात्रपाळी

टेबल नंबर ९, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. "त्यातलं पाय दुखणं गिऱ्हाईक करत नाही." यावर मला बोलायला काही नाही. मी वाटी मागणाऱ्यांतला आहे. कधी मान वर करून पाहिलं नाही ती कोण आणतं.

परवा नेहमीच्या जागी गेलो होतो. बाहेर रस्त्यावर जाऊन ओढली. मित्र थट्टा करत होते. दोन कमी ओढल्या गेल्या, कारण उठायचा कंटाळा.

सोनवी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. डंडीच्या कामगारांचं ऐकून ते म्हणाले, "दोन महिन्यांत?" आणि बराच वेळ गप्प बसले. माझ्या मनात आलं ते मी त्यांना बोलले नाही, इथे लिहिते. २००८ ला पाटी लागली तेव्हाच जर वाटी थांबली असती, तर कामाची शेवटची नऊ वर्षं त्यांनी स्वच्छ हवेत काढली असती.

स्टेथोताई, चुलीचं विचारलं. आजीची चूल माजघराला लागूनच होती, धुराडं नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना तेही सांगू. आणि आईची आठवण अशी की पहिली दहा वर्षं बाबा गावी महिनाभर राहून आले की खोकला पूर्ण जायचा, मुंबईला परत गेले की आठवड्यात सुरू. तेव्हा सगळे म्हणायचे की मुंबईचं पाणी मानवत नाही.

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं.

तिसरी पिढी

काल आमच्या रस्त्यावरच्या पाच जणांशी बोललो. तिघे तयार आहेत, एक म्हणतो बघू, एक नाही म्हणतो. आम्ही चौघे येत्या एक तारखेपासून आतल्या वाट्या बंद करतोय. दाराबाहेर पत्र्याच्या शेडखाली उभं राहून ओढायची सोय करणार होतो, पण कलम४ यांनी भोवतीच्या जागेचं सांगितलंय, म्हणून शेडही नाही. रस्त्यापलीकडे पानटपरी आहे, तिथेच जातील. महिन्याने गल्ल्याचा खरा आकडा इथे सांगेन, चांगला असो की वाईट.

माझ्या बारा पोरांना शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडे फुंकायच्या तपासणीला पाठवतोय, आत्ता एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा.

टेबल नंबर ९

शेठ तुमच्याकडे जागा असेल तर सांगा.

आमच्याकडे अजून वाटी चालू आहे. मॅनेजरला बोललो तर म्हणाला, गिऱ्हाइकाला तू सांग. आता मी गिऱ्हाइकाला काय सांगू? बंद आहे म्हटलं की आवाज चढवतात. एकाने वाटी फेकली होती. ताई, तुमच्या बाबांना विचारा ना, ते कॅप्टन होते, त्यांनी कसं सांगितलं असतं.

सोनवी

विचारलं. बाबा म्हणाले, "बंद आहे असं कधी म्हणायचं नाही, माणूस त्या शब्दावर अडतो. वाकून हळू सांगायचं, साहेब, तुम्ही बाहेर जाऊन ओढून या, टेबल मी कुणाला देत नाही, ग्लासवर बशी ठेवतो, आणि स्टार्टर तुम्ही परत आल्यावरच गरम आणतो. आणि बशी खरंच ठेवायची, त्याच्या डोळ्यांसमोर."

टेबल नंबर ९

चालेल. आज शनिवार आहे, गर्दी असते. बशी ठेवून बघतो.